ऐकू येणारा नायक



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून काही स्नेह्यांनी आम्हांला वाटेतच अडविले. ते म्हणाले, "अहो, तुम्ही युनियनची माणसे. तुम्ही किमान वेतनावर बोलावे, बोनसवर बोलावे. रेडिओवरच्या साहसकथा आणि त्यांतला बहाद्दर नायक हा विषय तुम्हांला कोठून सुचला?"

प्रश्न रास्त आहे, तेव्हा उत्तर आधी देतो. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ कारखान्यांच्या फाटकांवर सभा घेत आलो आहोत. सभेला आलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, हे ओळखणे हा आमचा रोजचा धंदा. त्या धंद्यात एक गोष्ट कळली. माणसाच्या मनात कायद्याची कलमे फार उशिरा शिरतात. गोष्ट आधी शिरते. त्या गोष्टीत एक नायक असतो. सगळे हताश होऊन बसले की तो येतो, दोन ठोसे लगावतो, चोराला पकडून देतो आणि निघून जातो. आमच्या सभेला आलेला कामगार मान वर करून त्याच नायकाला शोधत असतो. व्यासपीठावर मात्र त्याला दिसतो आमच्यासारखा, चष्म्याची दोरी बांधलेला, हातात पावतीपुस्तक धरलेला माणूस! त्याची निराशा झाली तर दोष कोणाला द्यावा? म्हणून हा नायक तयार कसा होतो, त्याला कोण तयार करतो आणि त्याच्या कामाचे दाम कोणाला मिळतात, याची चौकशी करावी असे आम्ही ठरविले. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे झाले ते वाचनालयात आणि रेडिओपाशी. त्यामुळे बोलण्यात पांडित्य सापडणार नाही, ते आपण सांभाळून घ्यावे.

नुसत्या आवाजाचा महिमा या गावाला कोणी नव्याने सांगायला नको. ज्या मुक्ताईच्या नावाने हे गाव ओळखले जाते, तिचे ताटीचे अभंग म्हणजे काय? आत ज्ञानदेव ताटी लावून बसलेले आणि बाहेरून धाकट्या बहिणीचा आवाज. आतल्याला बाहेरची दिसत नाही, फक्त ऐकू येते. आणि तेवढ्याने ताटी उघडते, अशी आपली परंपरा सांगते. आपल्याच जिल्ह्यातल्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहितावाचता येत नव्हते. त्यांची कविता त्यांच्या तोंडात होती आणि शेजारपाजाऱ्यांच्या कानात होती. कागदावर उतरवून घेतली म्हणून राहिली. पुस्तक छापून आले १९५२ साली, त्या गेल्यावर. तेव्हा ऐकणे ही वाचनापेक्षा हलकी गोष्ट आहे असे निदान खानदेशात तरी कोणी म्हणू नये.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या मुलखात साहसकथांचे वेड आधी पुस्तकांनी लावले. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळा पहाड गावोगावच्या वाचनालयांत फाटेपर्यंत हिंडले. पण पुस्तकाला डोळे लागतात, उजेड लागतो आणि रिकामे हात लागतात. कष्टकऱ्याजवळ या तीनही गोष्टी एका वेळी क्वचितच असतात. कान मात्र कामात असतानाही मोकळा असतो. भाकरी थापणारी बाई ऐकू शकते, शिलाईयंत्रावरचा शिंपी ऐकू शकतो, पंक्चर काढणारा पोऱ्या ऐकू शकतो. रेडिओवरचा नायक कष्टकऱ्यांच्या घरात इतका सहज शिरला, त्याचे खरे कारण हे आहे.

३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली. त्याआधी हलकीफुलकी करमणूक हवी असली की लोक रेडिओ सिलोनकडे वळत. १ नोव्हेंबर १९६७ पासून मुंबई, पुणे आणि नागपूर या केंद्रांवरून विविध भारतीवर जाहिराती सुरू झाल्या. पुढे मालाच्या कारखानदारांनी पैसे देऊन चालविलेले, म्हणजे प्रायोजित, कार्यक्रम आले. त्यांतून सत्तरच्या दशकात ज्याने घरोघर ठाण मांडले तो 'इन्स्पेक्टर ईगल'. ज्यांचे केस आज आमच्यासारखे पिकले आहेत, त्यांना हे नाव सांगताच कानात काहीतरी वाजले असेल. विनोद शर्मा यांच्या आवाजातला हा पोलीस अधिकारी, त्याच्या जोडीला एक हवालदार, आणि दर वेळी एक नवा गुन्हा. थोडक्या मिनिटांत चोरी व्हायची, संशय फिरायचा, हवालदाराची फजिती व्हायची आणि शेवटी ईगलसाहेब गाठ सोडवायचे. रेडिओ ठेवायला त्या काळी टपाल खात्याचा परवाना काढावा लागे, त्यामुळे सगळ्यांच्या घरी तो नसे. ज्याच्या घरी असे, त्याच्या ओट्यावर आळी जमे.

आता नावाकडे पाहा. इन्स्पेक्टरचे आडनाव ईगल कसे? आपल्याकडे पाटील आहेत, महाजन आहेत, कोळी आहेत, तडवी आहेत. ईगल कोणी ऐकला आहे काय? ईगल हे थर्मास बनविणाऱ्या कंपनीच्या मालाचे नाव. नायकाला हाक मारली की थर्मासची जाहिरात झाली! एखाद्या मुलाचे नाव त्याच्या आजोबांऐवजी दुकानदाराने ठेवावे, तसा हा प्रकार. आम्ही यात पाप पाहत नाही. ज्याने पैसे दिले त्याने नाव लावले, आणि लोकांना फुकटात चांगली करमणूक मिळाली. पण गाठ मारून ठेवा, की आवाजाचे पैसे कोणीतरी देत असतो, आणि जो देतो त्याचा शब्द गोष्टीत कोठेतरी उमटतो.

हा नायक घडतो कसा, तेही पाहण्याजोगे आहे. नभोनाट्यात डोळ्यांना काहीच नाही. घोडा दौडवायचा तर स्टुडिओत नारळाच्या दोन करवंट्या आपटतात. विजांचा गडगडाट हवा तर पत्र्याची मोठी शीट हलवतात. आग पेटवायची तर चुरचुरणारा कागद मायक्रोफोनजवळ चुरगळतात. नायक दरीत उडी घेतो तेव्हा बोलणारा नट सपाट जमिनीवर उभा असतो, त्याच्या हातात कागद असतो, आणि कागदाचा आवाज येऊ नये म्हणून तो पान जपून उलटत असतो. करवंट्या आपटणारा निराळा, वाद्ये वाजविणारा निराळा, लिहिणारा निराळा, यंत्रावर बसून आवाज कमीजास्त करणारा निराळा. एवढ्या हातांनी मिळून एक शूर माणूस उभा राहतो, आणि श्रोत्याला त्यांतला एकच ऐकू येतो.

नायकाच्या जोडीला एक साधा, काहीसा भित्रा, थोडासा विनोदी मदतनीस का असतो, हाही धंद्यातला प्रश्न आहे. रेडिओवरचा नायक मनातल्या मनात विचार करू लागला तर शांतता पसरेल, आणि श्रोता समजेल की रेडिओच बिघडला. त्याला आपला विचार मोठ्याने कोणाला तरी सांगावा लागतो. "हवालदार, ही खिडकी आतून बंद आहे, मग चोर गेला कोठून?" असे त्याने विचारले, की खिडकी आपल्याला दिसते. आपण ज्याला हसतो तो हवालदार नसेल तर साहेबांची हुशारी कोणाला कळणारच नाही! आणि नभोनाट्याचा आणखी एक नियम आहे. प्रसंगात हजर असलेले पात्र बराच वेळ बोलले नाही, तर ते श्रोत्याच्या लेखी तेथे नसतेच. आम्हांला हा नियम फार विचार करण्यासारखा वाटला. वाटाघाटीच्या खोलीत गप्प बसून परत येणाऱ्या प्रतिनिधींनी तो वहीत लिहून ठेवावा.

आता थोडे परदेशात जाऊ. नायकामागे उभा असलेला नोकरमाणूस तेथल्या एका उदाहरणात स्पष्ट दिसतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर इंग्लंडात बीबीसीने ७ ऑक्टोबर १९४६ पासून 'डिक बार्टन' नावाची साहसमालिका सुरू केली. सोमवार ते शुक्रवार, संध्याकाळी पावणेसातला, पंधरा मिनिटे. बार्टन हा सैन्यातून परतलेला अधिकारी. स्नोई आणि जॉक हे त्याचे दोन साथीदार. धावत्या घोड्यासारखी जलद धून वाजली की पोरे खेळ टाकून घराकडे पळत. ऐन बहरात दीड कोटी श्रोते ही मालिका ऐकत. दर भागाच्या शेवटी बार्टन मरणाच्या दारात, आणि दुसऱ्या दिवशी सुखरूप बाहेर! असे ७११ भाग झाले. पोरे बिघडतील अशी ओरड झाली, तेव्हा बार्टनने काय करू नये याचे नियमच बीबीसीने घालून दिले. त्याने कायदा मोडू नये, त्याच्या तोंडी शिवी असू नये, इत्यादी.

बार्टनचा आवाज होता नोएल जॉन्सन या नटाचा. ज्या नायकापुढे हेर, दरोडेखोर आणि जगबुडवे शास्त्रज्ञ टिकले नाहीत, त्या नायकाच्या नटाने पगारवाढ मागितली. ती नाकारण्यात आली, आणि १९४९ मध्ये त्याने काम सोडले. मालिका थांबली काय? नाही. त्या जागी डंकन कार्स यांचा आवाज आला. हे कार्स खरेखुरे साहसी पुरुष. तरुणपणी दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशातल्या मोहिमेत सामील झालेले. त्यांच्यानंतर तिसरा नट आला. नायक तोच, नाव तेच, धून तीच. फक्त गळा बदलला. बंधुभगिनींनो, पडद्याआडची ही हकिगत आम्हांला मालिकेतल्या सगळ्या साहसांपेक्षा मोठी वाटते. शंभर खलनायकांना लोळविणाऱ्या वीराला पगारवाढ मिळविता आली नाही, कारण तेथे तो एकटा होता. गोष्टीत एकट्याचे भागते. पगारपत्रकावर एकट्याचे भागत नाही.

अमेरिकेत याहून बोलका दाखला आहे. सुपरमॅन हा उडणारा वीर आज शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन गरीब तरुणांनी तो निर्माण केला आणि १९३८ साली १३० डॉलरांत त्याचे सगळे हक्क प्रकाशकाला देऊन टाकले. १९४० ते १९५१ पर्यंत तो रेडिओवर गाजला, पुढे सिनेमात गेला, कंपन्यांनी अमाप पैसा मिळविला. निर्माते मात्र उतारवयात हलाखीत होते. मग इतर चित्रकारांनी आणि त्यांच्या संघटनांनी बोभाटा केला, वर्तमानपत्रांनी साथ दिली, आणि १९७५ साली कंपनीला दोघांना दरसाल २०,००० डॉलर देणे व त्यांची नावे पुन्हा छापणे कबूल करावे लागले. सुपरमॅनला त्याच्या बापांना वाचविता आले नाही. त्यांना वाचविले ते त्यांच्या धंदेबंधूंनी.

येथे नायकाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर आमचे बोलणे एकांगी होईल. १९४६ साली याच रेडिओ मालिकेत सोळा भागांची एक कथा झाली. एक चिनी वंशाचे अमेरिकन कुटुंब नव्या वस्तीत राहायला येते, आणि तोंडे झाकून हिंडणारी वंशद्वेष्ट्यांची टोळी त्यांना हुसकू पाहते. कू क्लक्स क्लॅन या खऱ्याखुऱ्या टोळीवर रोखलेली ती कथा होती. सुपरमॅन त्या कुटुंबाच्या बाजूने उभा राहिला, आणि लाखो मुलांच्या कानांवर पडले की माणसाचा रंग पाहून त्याचा छळ करणारे लोक भेकड असतात. तेव्हा नायक निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याच्या तोंडी काय घातले जाते आणि ते कोण घालतो, याकडे लक्ष द्या, एवढेच आमचे म्हणणे.

ते घालण्याचा अधिकार कष्टकऱ्यांनी स्वतःकडे घेतला, असे कधी झाले आहे काय? झाले आहे, आणि रेडिओच्याही आधी. क्यूबा बेटावर हवाना शहरात १८६५ साली चिरूट वळणाऱ्या कामगारांनी एक प्रथा सुरू केली. काम चालू असताना मधोमध उंच जागी एक माणूस बसे आणि मोठ्याने वाचून दाखवी. आधी वर्तमानपत्र, मग कादंबरी. त्याचा पगार मालक देत नसे. कामगार आपापल्या मजुरीतून वर्गणी काढून देत, आणि कोणती कादंबरी वाचायची ते मतदानाने ठरे. अलेक्झांडर ड्यूमाची 'काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' ही साहसकथा त्यांना इतकी आवडे की पुढे 'मॉन्टेक्रिस्टो' हे एका नामांकित चिरुटाचेच नाव झाले. आमच्या इन्स्पेक्टरला मालाचे नाव मिळाले होते. येथे मालाला गोष्टीचे नाव मिळाले. पैसे देणारा बदलला की गंगा उलटी वाहते, ती अशी!

सरकारला आणि मालकांना हे फार काळ रुचले नाही. क्यूबात १८६६ सालीच या वाचनावर बंदी आली. पुढे ते पुन्हा सुरू झाले. फ्लॉरिडातल्या टँपा शहरात हेच कामगार गेले, तेथे १९३१ साली मालकांनी वाचकाचे आसन काढून टाकले. तो कामगारांना भडकवितो असे कारण दिले. कामगारांनी संप केला, पण वाचक परत आला नाही. त्याच्या जागी काय आले? रेडिओ! यंत्र तेच, ज्याच्यावर आम्ही एवढे प्रेम केले. पण तेथे ते आले कामगाराचा स्वतःचा आवाज बंद करून. केरळातल्या विडी कामगारांतही वर्तमानपत्र वाचून दाखविणारा असे, आणि तो वाचत असताना त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत. एका माणसाचे काम सर्वांनी वाटून घ्यावे आणि सर्वांचे ज्ञान एकाने वाचून द्यावे, याहून सुंदर सहकार आम्हांला माहीत नाही.

महाराष्ट्रानेही या बाबतीत एक नमुना घालून दिला आहे, तो आपण विसरलो. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांत प्रयोग केला. १५० गावांत श्रोत्यांची मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोनदा, दहा आठवडे, अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. तो संपला की रेडिओ बंद करायचा आणि ऐकलेल्यावर गावकऱ्यांनी चर्चा करायची. विहिरीवर, खतावर, शाळेवर. पटले ते गावात करून पाहायचे, शंका राहिल्या तर त्या केंद्राकडे कळवायच्या. ऐका, चर्चा करा, कृती करा, असे त्याचे सूत्र होते. टाटा समाजविज्ञान संस्थेने या प्रयोगाची पाहणी केली, आणि १९५९ पासून ती योजना देशभर नेण्यात आली. आमच्या पूर्व खानदेशाला पहिल्या फेरीत जागा मिळाली नव्हती. जळगावला स्वतःचे आकाशवाणी केंद्र झाले ते १९७६ साली.

योगायोग असा की डिक बार्टनचेही शेवटी असेच झाले. ३० मार्च १९५१ ला त्याची मालिका बंद झाली, आणि त्याच्या पावणेसातच्या जागेवर बसली 'द आर्चर्स', एका खेड्यातल्या शेतकऱ्यांची मालिका. युद्धानंतर इंग्लंडात अन्नधान्याची टंचाई होती, शिधापत्रिका चालू होत्या, शेतकऱ्याला नवे ज्ञान पोहोचवायचे होते, म्हणून ती काढली. तिच्यात दरीत उडी घेणारा कोणी नाही. गाई आहेत, पिके आहेत, भाऊबंदकी आहे. बार्टनचे भक्त फार हळहळले. पण बार्टन साडेचार वर्षांत संपला, आणि ही बिननायकाची मालिका आजही चालू आहे!

आता आपल्या अंगणात येऊ. भुसावळची रेल्वे, वरणगावचा दारूगोळा कारखाना, दीपनगरचे वीजकेंद्र, रावेर-सावद्याकडच्या केळीच्या गाड्या भरणारे हमाल, जिनिंगमधल्या बायाबापड्या, हे आपले कष्टकरी जग. त्यांतली एक हकिगत सांगतो. नावे सांगत नाही. एका जिनिंग कारखान्यात मजुरीतून प्रॉव्हिडंट फंड कापला जाई आणि कचेरीत भरला जात नसे. तेथे एक तडफदार पोरगा होता. तो भांडायचा, ओरडायचा, साहेबाच्या टेबलावर हात आपटायचा. बाकीचे कौतुकाने म्हणत, "तो आहे ना, तो पाहून घेईल." संध्याकाळी त्याची शौर्यकथा चहाच्या टपरीवर रंगायची, जणू रेडिओची मालिकाच. एके दिवशी त्याला मुकादमी देऊन दुसऱ्या गावी धाडले. मालिका संपली! फंड तसाच राहिला. नंतर त्याच लोकांनी अकरा जणांची समिती केली. तीत कापूस वेचून साफ करणाऱ्या चार बाया होत्या. प्रत्येकाने आपापल्या पगाराच्या चिठ्ठ्या जमविल्या, एका मुलीने वहीत सगळा हिशेब मांडला, अर्ज झाले, खेटे झाले. त्यात रोमांचकारी असे काही घडले नाही. एकाच खिडकीपुढे अकरा माणसे पाळीपाळीने उभी राहिली. पण फंड भरला गेला. अकरांपैकी कोणाला उचलून दुसऱ्या गावी धाडावे, हे मालकाला कळले नाही.

कोणी म्हणेल, हे सगळे जुने झाले. आता रेडिओ कोण ऐकतो? आम्ही उलट म्हणतो, ऐकणे वाढले आहे. स्टोरीटेलसारख्या कंपनीने २०१७ पासून मराठी पुस्तके आवाजात आणली. शेकडो भागांच्या श्राव्य मालिका आज मोबाईलवर आहेत. रात्रपाळीचा पहारेकरी, मालमोटारीचा ड्रायव्हर, घरोघर पार्सल पोहोचविणारा मुलगा कानात बोंडे घालून त्या ऐकतो. फरक एवढाच पडला, की पूर्वी आळी मिळून ऐकत होती, आता प्रत्येकजण एकटा ऐकतो. भाग संपल्यावर "पुढे काय होईल हो?" असे विचारायला शेजारी कोणी नाही.

आणि आवाजाच्या कामगाराचे काय? जॉन्सनच्या वेळी नट बदलावा लागत होता. आता यंत्र माणसाच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. तो माणूस नको, त्याचा पगार नको, गळा मात्र त्याचाच! २०२३ साली अमेरिकेतल्या नटांच्या युनियनने ११८ दिवस संप केला. नटाची नक्कल यंत्राने करायची तर त्याची संमती हवी आणि त्याला मोबदला हवा, ही त्यांच्या मागण्यांतली एक प्रमुख मागणी होती, आणि करारात तशी कलमे आली. आपल्याकडे २०२४ साली गायक अरिजित सिंग यांच्या आवाजाची यंत्राने नक्कल करण्यास मुंबई उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई केली. फार चांगले झाले. पण ते नामांकित गायक. त्यांना वकील परवडतो. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, दर भागामागे ठरलेले पैसे घेऊन जो बोलतो, त्या गड्याने कोणत्या कोर्टात जावे? त्याला वाट एकच, आपल्यासारख्यांची संघटना. आणि तिला पाठबळ श्रोत्यांचे लागेल, म्हणजे तुमचेआमचे.

तेव्हा आमची विनंती लहानशी आहे. नायक ऐका, खुशाल ऐका. मुलांना ऐकू द्या. शूर माणसाची गोष्ट ऐकून छाती फुगत नसेल तर ते बालपण कसले? पण गोष्ट संपल्यावर दोन गोष्टी करा. एक, तिच्यात कोणी लिहिले, कोणी आवाज दिला, ती नावे शेवटपर्यंत ऐका. ती येण्याआधी बटण दाबू नका. कामगाराचे नाव ऐकून घेणे हाही त्याच्या कामाचा मान आहे. दुसरी, आठवड्यातून एकदा एखादी गोष्ट, एखादे भाषण, एखादी बातमी दहा जणांनी मिळून ऐका आणि नंतर तासभर बोला. आपल्या वाचनालयाचा ओटा त्याला पुरेल. १९५६ साली १५० गावांनी करून दाखविले, ते आपल्याला जमणार नाही असे नाही. त्या ओट्यावर केळीच्या गाडीवरचा हमाल बोलू लागेल, जिनिंगमधली बाई बोलू लागेल. आणि आपण पाहिलेच, की जो बोलतो तोच तेथे आहे असे धरले जाते.

पुढच्या गेटसभेला याल तेव्हा व्यासपीठाकडे पाहून झाल्यावर एकदा आपल्या शेजारी कोण बसले आहे तेही पाहा.